बातम्यांचा क्रम कोण लावतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत परदेशी प्रसारणसंस्थांच्या आक्रसत चाललेल्या कारभारावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवले, त्या निमित्ताने लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की, परक्या देशांनी आशिया-आफ्रिकेतील प्रेक्षकांसाठी चालवलेली बातमीपत्रे ही त्या देशांच्या परराष्ट्र खात्यांची जाहिरातच होती आणि ती बंद पडत असतील तर आपण हळहळण्याचे काही कारण नाही. या निष्कर्षाचा पहिला भाग मला निम्माच खरा वाटतो आणि दुसरा भाग मुळीच पटत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षे नैरोबीत राहिलो आणि पूर्व आफ्रिकेसाठी म्हणून तयार होणारी ब्रिटिश, चिनी, अमेरिकी आणि कतारी बातमीपत्रे तिथल्या इतर कुटुंबांप्रमाणेच रोज रात्री घरी बसून पाहिली. त्या अनुभवाच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या मानाने लांबले आहे, याची जाणीव आहे. कापायचेच झाले तर मधल्या इतिहासाला कात्री लावावी, शेवटच्या सूचनेला लावू नये, ही विनंती.

लेखात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की, कार्यक्रमामागे पैसा कोणाचा आहे हे कळले की त्याची परीक्षा संपली. पैशाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. परंतु प्रेक्षक म्हणून मला अधिक उपयोगी पडलेली कसोटी वेगळी आहे. आज पहिली बातमी कोणती, दुसरी कोणती आणि कोणती अजिबात घ्यायची नाही हे ठरवणारा माणूस कोणत्या शहरात बसतो आणि ज्यांच्यासाठी तो हे ठरवतो त्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडते की नाही, हे पाहावे. वाहिन्यांच्या कचेऱ्यांत या क्रमाला रनडाऊन म्हणतात. निवेदकाचा वर्ण, त्याचा पोशाख, कार्यक्रमाच्या नावातील खंडाचा उल्लेख आणि पडद्यामागचा नकाशा या गोष्टी विकत घेता येतात. रनडाऊनवरचा हक्क मात्र मुख्यालये सहसा सोडत नाहीत.

असे कार्यक्रम तयार कसे होतात, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिनी जगभर एकच दिसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बीबीसीसारख्या वाहिनीने आपल्या जागतिक प्रक्षेपणाचे भूभागानुसार वेगवेगळे पट्टे पाडले होते. तासाच्या आरंभीच्या ठळक बातम्या सगळीकडे सारख्या असत; पण त्यानंतरच्या वेळेत आफ्रिकेला एक कार्यक्रम जाई, दक्षिण आशियाला दुसरा, आणि जाहिराती तर हमखास निराळ्या असत. दुसरी पद्धत भागीदारीची. परदेशी संस्था त्या भाषेत अर्ध्या तासाचे बातमीपत्र तयार करते आणि स्थानिक वाहिनी ते आपल्या वेळापत्रकात दाखवते. स्थानिक वाहिनीला आयती सामग्री मिळते, परदेशी संस्थेला आयता प्रेक्षक मिळतो. जर्मनीच्या डॉइच वेलेने 2012 पासून दूरदर्शनवर ‘मंथन’ हा हिंदी विज्ञानविषयक कार्यक्रम याच रीतीने आणला होता. तिसरी पद्धत सर्वांत खर्चिक, ती म्हणजे त्या भूभागातच संपूर्ण वाहिनी उभी करणे.

यात ‘भूभाग’ कोणता, हेही नेहमी प्रेक्षकांच्या सोयीने ठरते असे नाही. 1991 मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि एशियासॅट-1 या उपग्रहावरून बीबीसीच्या इंग्रजी बातम्या केबलवाल्याच्या कृपेने आपल्या घरांत आल्या, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. त्या उपग्रहाचे दोन झोत होते. उत्तरेकडचा झोत चीन आणि त्याच्या शेजाऱ्यांवर पडे आणि दक्षिणेकडचा भारतापासून आखातापर्यंत. स्टारची मालकी रूपर्ट मर्डोक यांच्याकडे गेल्यानंतर, 1994 मध्ये, उत्तरेकडच्या झोतावरून बीबीसी काढून टाकण्यात आली. चिनी राज्यकर्त्यांना ती खुपत होती आणि मर्डोक यांना चीनच्या बाजारपेठेत शिरायचे होते. दक्षिणेकडच्या झोतावर ती राहिली. म्हणजे मुंबईतल्या प्रेक्षकाला जी वाहिनी दिसत होती, ती शांघायमधल्या प्रेक्षकाला एका व्यापारी निर्णयामुळे दिसेनाशी झाली आणि या दोघांपैकी कोणालाही त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

आता नैरोबीकडे येतो. 2012 हे वर्ष त्या शहराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जानेवारीत चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने तिथे ‘सीसीटीव्ही आफ्रिका’ हे आपले प्रसारण केंद्र सुरू केले; त्यालाच पुढे सीजीटीएन आफ्रिका हे नाव मिळाले. जूनमध्ये बीबीसीने ‘फोकस ऑन आफ्रिका’ हा रोजचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. या नावाचा रेडिओ कार्यक्रम 1960 पासून आफ्रिकेत ऐकला जात होता. राजधानीतल्या सत्तांतराची बातमी त्या देशाच्या सरकारी रेडिओआधी त्याच्यावर कळते, अशी त्याची ख्याती मी वयस्कर केनियन सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकली आहे. दूरचित्रवाणीवरचा नवा कार्यक्रम त्या पुण्याईवर उभा होता. केनियातल्या वाहिन्यांवर संध्याकाळी सातला स्वाहिली आणि रात्री नऊला इंग्रजी बातम्या असतात; त्या दोहोंच्या मधल्या वेळेत हा अर्धा तास बरोबर बसत असे.

त्याचे प्रमुख निवेदक होते कोम्ला डुमोर. घानाची राजधानी आक्रा इथल्या एका खासगी रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करून लोकप्रिय झालेला हा उंचापुरा माणूस बीबीसीत गेला तो आपली लकब, आपले हसू आणि आपले प्रश्न बरोबर घेऊन. मंत्र्यांची मुलाखत घेताना तो विनयशील असे, पण उत्तर टाळले गेले की तोच प्रश्न दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारी. जानेवारी 2014 मध्ये वयाच्या अवघ्या 41व्या वर्षी लंडनमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा नैरोबीतल्या आमच्या कचेरीत घरचे माणूस गेल्यासारखे लोक बोलत होते. त्यांतल्या एकानेही त्याला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. एखादा परदेशी कार्यक्रम प्रेक्षकांनी आपला मानला, याचा याहून स्पष्ट पुरावा माझ्यापाशी नाही.

तरीही सत्य हे होते की, हा कार्यक्रम त्या काळात लंडनहून प्रसारित होत असे. क्रम तिथे ठरे आणि तो कधीकधी जाणवे. युद्ध, साथ, निवडणुकीतली हिंसा यांना पहिले स्थान मिळण्याची शक्यता मोठी; दोन देशांमधल्या सीमेवर टोमॅटोचे ट्रक अडकले, ही गोष्ट त्या सीमेवरच्या लोकांसाठी कितीही मोठी असली तरी ती अर्थविषयक भागात, शेवटी. चिनी वाहिनीवर याच्या नेमके उलट दिसे. तिने केनियातले नावाजलेले निवेदक आपल्याकडे ओढले, केंद्र खरोखरच नैरोबीत ठेवले आणि रस्ते, बंदरे, शेतमाल, उद्योजक यांच्या बातम्या आवर्जून दिल्या. त्या बातम्या खोट्या नसत. मोम्बासा ते नैरोबी ही चिनी कर्जातून आणि चिनी कंपनीकडून बांधलेली रेल्वे 31 मे 2017 रोजी सुरू झाली, तेव्हा त्या वाहिनीवर स्थानकांची, इंजिनांची आणि पहिल्या प्रवाशांची दृश्ये दिवसभर दिसत होती. ते कर्ज केनिया किती वर्षांत आणि कशातून फेडणार, यावर केनियन वर्तमानपत्रांत रोज वाद चाललेला होता. त्या वादाची दखल घेणारी सविस्तर चर्चा चिनी वाहिनीवर माझ्या पाहण्यात आली नाही. केंद्र नैरोबीत होते, पण कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे बीजिंगमध्ये ठरलेले असावे असे वाटण्यास पुरेशी जागा होती.

म्हणूनच मी वर म्हटलेल्या कसोटीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. संपादक दूर बसला तर त्याला तपशील दिसत नाहीत. तो जवळ बसला आणि हात बांधलेला असला तर त्याला तपशील दिसूनही उपयोग होत नाही. लेखकमहाशयांनी ब्रिटिश, चिनी, अमेरिकी आणि रशियन अशा सगळ्यांना एकाच गोणीत भरले आहे. नैरोबीतला प्रेक्षक असे करत नाही. आमच्या इमारतीचा पहारेकरीसुद्धा रेल्वेची बातमी चिनी वाहिनीवर पाही आणि कर्जाची बातमी केनियन वाहिनीवर, आणि कोणती कशासाठी पाहायची याबद्दल त्याच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

अमेरिकी वाहिन्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगण्यासारखी फार नाही. सीएनएनचे आफ्रिकेवरचे साप्ताहिक कार्यक्रम देखणे असत. उद्योजक, कलावंत, वन्यजीव, आणि सोबत प्रायोजकाची पाटी. पण रोजच्या बातम्यांत तोच खंड पुन्हा दूरचा होऊन जाई. जुलै 2015 मध्ये बराक ओबामा केनियाच्या दौऱ्यावर येण्याच्या तोंडावर या वाहिनीने त्या प्रदेशाचे वर्णन दहशतवादाचे आगर असे केले. शहर त्या वेळी रस्ते धुऊन, झाडे लावून पाहुण्याची वाट पाहत होते. समाजमाध्यमांवर केनियन लोकांनी वाहिनीची अशी काही खिल्ली उडवली की, वाहिनीचा एक वरिष्ठ अधिकारी महिनाभरात नैरोबीत येऊन दिलगिरी व्यक्त करून गेला. प्रेक्षकांचे बोलणे मुख्यालयापर्यंत पोहोचू शकते, हे त्या प्रसंगी दिसले; मात्र त्यासाठी अख्ख्या देशाला ओरडावे लागले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरचा ‘स्ट्रेट टॉक आफ्रिका’ हा कार्यक्रम मात्र मला वेगळा वाटे. मूळचे युगांडाचे असलेले शाका साली हे पत्रकार 2000 पासून 2021 पर्यंत तो चालवत होते. स्टुडिओ वॉशिंग्टनला, पैसा अमेरिकी सरकारचा, आणि तरी आफ्रिकेतल्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाने तिसऱ्यांदा निवडणूक लढवण्यासाठी राज्यघटना बदलली की, त्या बदलाच्या बाजूचे आणि विरोधातले लोक एकाच टेबलाशी बसलेले त्या कार्यक्रमात पाहायला मिळत. साली मार्च 2025 मध्ये वारले. त्याच महिन्यात त्यांची संस्थाही ठप्प झाली. आपल्या लेखात या कार्यक्रमाचा उल्लेख एका ओळीनेही नाही.

‘हळहळण्याचे कारण नाही’ या वाक्याला माझा खरा आक्षेप पुढच्या प्रसंगावरून आहे. 30 जानेवारी 2018 रोजी विरोधी नेते रायला ओडिंगा यांनी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ‘जनतेचे राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेण्याचा सोहळा केला. त्या दिवशी सरकारने देशातल्या तीन मोठ्या खासगी वाहिन्यांचे प्रक्षेपण बंद पाडले. उच्च न्यायालयाने ते पूर्ववत करण्याचा आदेश दिला तरी सरकारने तो लगेच मानला नाही आणि पडदे कित्येक दिवस काळे राहिले. त्या काळात लोक घडामोडी इंटरनेटवर शोधत होते आणि परदेशी वाहिन्यांवर पाहत होते. बाहेरून येणारे, तिथल्या प्रश्नांची जाण असलेले आणि तिथल्या सरकारला ज्याची कळ बंद करता येत नाही असे बातमीपत्र असण्याचे मोल अशा आठवड्यात कळते. ते बातमीपत्र ज्याच्या पैशावर चालते तो देश साधुसंत नाही, हे नैरोबीकरांना ठाऊक होते. वसाहतीच्या काळातल्या ब्रिटिश अत्याचारांची कहाणी तिथल्या घराघरांत आहे. तरीही त्यांनी ते पाहिले.

आता पैशाकडे. या विषयातला सर्वांत बोलका प्रसंग अरबी भाषेतला आहे. 1994 मध्ये बीबीसीने एका सौदी मालकीच्या कंपनीशी करार करून अरबी दूरचित्रवाणी सुरू केली. संपादन बीबीसीचे, पैसा आणि उपग्रह त्या कंपनीचा, अशी वाटणी होती. सौदी अरेबियातल्या न्यायव्यवस्थेवर टीका करणारा माहितीपट दाखवला गेला आणि एप्रिल 1996 मध्ये करार मोडून वाहिनी बंद करण्यात आली. तिथे तयार झालेले अनेक अरब पत्रकार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कतारची राजधानी दोहा इथे सुरू झालेल्या अल जझीरा या वृत्तवाहिनीमध्ये गेले. अरब जगातल्या बातम्यांचा क्रम ठरवणारे टेबल लंडनहून दोह्याला हलले आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा परिणाम साऱ्या जगाने पाहिला. बीबीसीला पुन्हा अरबी दूरचित्रवाणी सुरू करण्यास 2008 साल उजाडले. तोवर प्रेक्षक दुसरीकडे वळला होता.

पण अल जझीराने तरी काय केले? 2011 मध्ये तिने सारायेव्हो इथे ‘अल जझीरा बाल्कन्स’ ही वाहिनी काढली. युगोस्लाव्हियाच्या फाळणीनंतर एकमेकांच्या बातम्यांकडे शत्रूच्या बातम्या म्हणून पाहणाऱ्या बोस्निया, सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो अशा देशांना मिळून एकच बातमीपत्र देणारी ती वाहिनी होती. प्रत्येक निवेदक आपापल्या बोलीत बोले आणि सीमेपलीकडच्या प्रेक्षकाला ते कळे, कारण या बोली परस्परांना समजतात. तिथले संपादक तिथलेच होते. माझ्या कसोटीचे दोन्ही भाग तिने बऱ्याच अंशी पूर्ण केले होते, आणि तरीही जुलै 2025 मध्ये ती बंद झाली. प्रेक्षकांनी तिला नाकारले म्हणून ती बंद पडली नाही. निर्णय कतारमध्ये झाला. देणाऱ्याने हात आखडला की प्रेक्षकापाशी दाद मागण्याची जागा राहत नाही, ही या सर्व कार्यक्रमांची मूळ दुर्बलता आहे. लेखकाने पैशाचा मुद्दा मांडायचाच होता तर इथे मांडायला हवा होता.

मराठीचा या साऱ्याशी संबंध आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा जुना आहे. बीबीसीने दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 मध्ये, मराठीतून रेडिओ प्रसारण सुरू केले आणि ते 1958 मध्ये बंद केले. नंतर जवळपास सहा दशके काही नाही. 2015 च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बीबीसीच्या जागतिक सेवेसाठी मोठा निधी जाहीर केला आणि त्यातून नोव्हेंबर 2016 मध्ये 11 नव्या भाषांची घोषणा झाली. त्या यादीत मराठी, गुजराती, पंजाबी आणि तेलुगू होत्या. त्याच यादीत इथिओपिया-एरिट्रियातल्या अम्हारिक, ओरोमो आणि तिग्रिन्या, नायजेरियातल्या योरुबा आणि इग्बो, पश्चिम आफ्रिकेतली पिजिन आणि शिवाय कोरियनही होती. म्हणजे मराठीला 2 ऑक्टोबर 2017 रोजी मिळालेली सेवा आणि अदिस अबाबाच्या प्रेक्षकाला मिळालेली सेवा एकाच तिजोरीतून आली. सप्टेंबर 2022 मध्ये काटकसरीची कुऱ्हाड पडली तेव्हा गुजराती, इग्बो, योरुबा आणि पिजिन या भाषांना केवळ डिजिटल माध्यमापुरते राहण्यास सांगण्यात आले. त्या फेऱ्यातल्या यादीत मराठी नव्हती. मराठीतले ‘बीबीसी विश्व’ हे बातमीपत्र काही काळ जिओ टीव्हीवर दिसत असे, मी ते इथे परतल्यावर पाहत असे. त्यात जगाच्या बातम्या चांगल्या मराठीत आणि आरडाओरडा न करता सांगितलेल्या असत. दरम्यान केंद्र सरकारने 2019 मध्ये डिजिटल वृत्तमाध्यमांतल्या परकीय गुंतवणुकीवर 26 टक्क्यांची मर्यादा घातली आणि तिच्याशी जुळवून घेण्यासाठी एप्रिल 2024 पासून बीबीसीच्या मराठीसह भारतीय भाषांतल्या सेवा ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय मालकीच्या, बीबीसीतल्याच पत्रकारांनी स्थापन केलेल्या कंपनीकडे गेल्या. क्रम ठरवणारे टेबल देशात आले, हे माझ्या कसोटीने चांगलेच झाले. मात्र ग्राहक आणि पैसा देणारी संस्था एकच, म्हणजे बीबीसी, असल्यावर ते टेबल किती स्थिर राहते, हे पाहावे लागेल.

दुसऱ्या वाटेनेही परदेशी भांडवल मराठी बातम्यांत आले होते. जून 2007 मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ ही वाहिनी आनंद बाजार समूह आणि स्टार यांच्या भागीदारीतली होती. स्टारचा वाटा 26 टक्के. जून 2012 मध्ये नाव बदलून ती ‘एबीपी माझा’ झाली. त्या वाहिनीने आणि तिच्या स्पर्धकांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतली बातमी पडद्यावर आणली, हे निर्विवाद. परंतु जग मात्र त्यांनी आणले नाही. आज आपल्याकडे मराठी वृत्तवाहिन्या पुष्कळ आहेत आणि दिवसाचे चोवीस तास त्या चालू असतात. त्या चोवीस तासांत मुंबईतल्या एका पत्रकार परिषदेवरची प्रतिक्रिया, त्या प्रतिक्रियेवरची प्रतिक्रिया आणि या दोन्हींवरची चर्चा एवढे होऊन गेल्यावर दुबई, नैरोबी, दार-ए-सलाम किंवा मस्कत यांच्या वाट्याला पट्टीवरची एक ओळ उरते. त्या शहरांत मराठी माणसे आहेत, गणपती बसवणारी मंडळे आहेत, आणि महत्त्वाचे म्हणजे महाराष्ट्रातल्या मालाचे ग्राहक आहेत.

शेवटच्या वाक्याचे स्पष्टीकरण देतो, कारण या पत्राला निमित्त झालेली दुसरी गोष्ट तीच आहे. बीबीसीने 2018 पासून आफ्रिकेसाठी ‘आफ्रिका आय’ ही शोधपत्रकारितेची मालिका चालवली आहे. कॅमेरूनमध्ये सैनिकांनी दोन स्त्रिया आणि दोन मुलांना गोळ्या घातल्याची एक चित्रफीत 2018 मध्ये पसरली, तेव्हा तिथल्या सरकारने ती खोटी ठरवली होती. या चमूने चित्रफितीत मागे दिसणारी डोंगररांग उपग्रहचित्रांशी ताडून जागा आणि काळ निश्चित केला आणि 2020 मध्ये चार सैनिकांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बीबीसीच्याच शोधपत्रकारांचा फेब्रुवारी 2025 मधला एक तपास थेट आपल्या दारात आला. घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा माग काढत ते पत्रकार मुंबईतल्या एका औषध कंपनीपर्यंत आणि तिच्या पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यापर्यंत पोहोचले. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन द्रव्यांचे मिश्रण असलेल्या त्या गोळ्या होत्या. एक वेदनाशामक, दुसरे स्नायू शिथिल करणारे, आणि दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका. उत्तर घानातल्या तमाले शहरात नागरिकांनी स्वतःच पथक उभारून या गोळ्यांचे साठे पकडून जाळल्याची दृश्ये त्यात होती. कार्यक्रम प्रसारित होताच काही दिवसांत भारताच्या औषध नियंत्रकांनी या मिश्रणाच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे सर्व परवाने मागे घेण्याचे आदेश दिले आणि कारखान्यावर कारवाई झाली.

पालघरमध्ये बनलेली गोळी तमालेच्या मुलांनी खाल्ली, हे महाराष्ट्राला पश्चिम आफ्रिकेतल्या रस्त्यांवरून माग काढणाऱ्या एका परदेशी कार्यक्रमातून कळले. आपल्या वाहिन्यांनी ती बातमी दिली नाही असे मी म्हणणार नाही. कारवाई झाल्यावर सगळ्यांनी दिली. परंतु बातमी कारखान्याच्या फाटकावर संपली. त्या मालाचे खोके कोणत्या बंदरातून गेले, आक्रा किंवा लागोसमध्ये ते कोणी उतरवून घेतले, परवाना देताना इथल्या कोणत्या कचेरीत कोणता कागद पाहिला गेला, हे विचारायला मराठीतला कोणी पत्रकार घानात गेल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. हा तपास लंडनच्या पैशावर झाला म्हणून त्याला परराष्ट्र खात्याची जाहिरात म्हणायचे असेल तर म्हणावे. तमालेच्या आईबापांना तसे म्हणण्यात काही स्वारस्य असेल असे मला वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्याला एक सूचना करतो. आपल्या दैनिकाची स्वतःची व्हिडिओ शाखा आहे आणि तिच्यावर रोज मुलाखती व चर्चा प्रसारित होतात. तिच्यावर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचे असे बातमीपत्र सुरू करावे, जे आखात आणि पूर्व व पश्चिम आफ्रिका इथल्या घडामोडी मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने सांगेल. पंतप्रधान परदेश दौऱ्यावर गेले म्हणून त्या देशाची आठवण काढणारा कार्यक्रम मला अभिप्रेत नाही. केनियाने साखर आयातीचा निर्णय घेतला तर कोल्हापूरला त्याचे काय, टांझानियातली तूर बाजारात आली की लातूरच्या भावाचे काय होते, ओमानमध्ये कामगार कायदा बदलला तर रत्नागिरीतल्या कुटुंबाचे काय, असे प्रश्न घेऊन त्या त्या ठिकाणच्या पत्रकारांकडून उत्तरे मागवणारा कार्यक्रम हवा. नैरोबीत उत्तम इंग्रजी बोलणारे आणि कॅमेरा वापरता येणारे स्वतंत्र पत्रकार पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून महिन्याला दोन वृत्तांत घेणे हे पूर्णवेळ वार्ताहर नेमण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थाही बऱ्याच ठिकाणी अशाच स्ट्रिंगरवर चालतात. दोन-तीन मराठी माध्यमसमूहांनी मिळून हा खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड होणार नाही. स्पर्धक एकत्र येत नाहीत, ही सबब मला ठाऊक आहे. पण निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी एकाच वृत्तसंस्थेची दृश्ये सगळ्या वाहिन्यांवर दिसतातच.

हे करताना एक पथ्य पाळावे. बातम्यांचा क्रम लावण्याच्या बैठकीत त्या भागात राहून आलेला किंवा सध्या राहत असलेला एक तरी माणूस दूरध्वनीवर का होईना हजर असावा आणि प्रेक्षकांच्या हरकती पुढच्या भागात वाचून दाखवाव्यात. पहिल्या भागासाठी विषय हवा असेल तर पालघर ते तमाले हा प्रवास अजून मराठीत पूर्ण सांगितला गेलेला नाही. नैरोबीतल्या आणि मोम्बासातल्या ओळखीच्या पत्रकारांशी आपली गाठ घालून देण्यास मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपला,
एक नियमित वाचक
नाशिक